सिलिकॉनचे दार, कार्बनची नळी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द प्रथम पोहोचला तो खांद्याला अडकविण्याच्या छोट्या रेडिओच्या रूपाने. विजेची तार न पोहोचलेल्या वस्तीवरही बातम्या, बाजारभाव आणि शेतीविषयक कार्यक्रम या रेडिओने नेऊन पोहोचविले. लोकांनी त्या यंत्रालाच ट्रान्झिस्टर म्हटले. वस्तुतः ते नाव त्याच्या पोटातील एका चिमुकल्या भागाचे होते, आणि त्या रेडिओत असे भाग बोटांवर मोजण्याइतकेच असत. आज शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलमध्ये, ग्रामपंचायतीच्या संगणकात आणि साखर कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात हाच भाग काम करीत आहे. नव्या मोबाइलच्या एका मुख्य चिपमध्ये त्याची संख्या हजार कोटींच्याही पुढे गेली आहे.

हे सर्व ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात. सिलिकॉनची जागा आता कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या घेणार, अशा आशयाच्या वार्ता गेली काही वर्षे प्रसिद्ध होत आहेत. विद्यार्थी त्याविषयी शिक्षकांना प्रश्न विचारतात. ‘नॅनो’ हा शब्द जोडलेल्या वस्तूंची जाहिरात ग्रामीण बाजारपेठेतही होऊ लागली आहे. अशा वेळी या दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांत भेद कोणता, नव्यात लाभ कोणता आणि अडचण कोठे आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

पाट, दार आणि पाणी

कृष्णाकाठच्या माणसाला ट्रान्झिस्टरचे कार्य समजावयास फारसे कठीण नाही. कराडजवळील खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकापासून या भागातील शेतीला पाणी देत आला आहे. कालव्यातून चारीत, चारीतून पाटात आणि पाटातून वाफ्यात पाणी जाते. प्रत्येक ठिकाणी दार असते. दार उघडले की पाणी वाहते, मिटले की थांबते. रात्री-अपरात्री शेतात ‘दारे धरणारा’ शेतकरी हेच काम करीत असतो. अल्पशा श्रमाने दार हलवून तो पाण्याच्या मोठ्या लोटाचे नियंत्रण करतो.

ट्रान्झिस्टरमध्ये पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉनांचा प्रवाह असतो. प्रवाह जेथून येतो त्या टोकास सोर्स, जेथे जातो त्या टोकास ड्रेन आणि मधल्या दारास गेट म्हणतात. सोर्स आणि ड्रेन यांमधील वाट म्हणजे पाट. गेट हे मात्र फळीचे दार नव्हे. पाटावर विद्युत्‌रोधकाचा एक पातळ थर असतो व त्यावर धातूचे गेट बसविलेले असते. गेटला विद्युत्‌दाब दिला की त्याच्या आकर्षणाने खालच्या वाटेत इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि प्रवाह सुरू होतो. दाब काढून घेतला की वाट कोरडी पडते. प्रवाह आहे म्हणजे ‘एक’ आणि नाही म्हणजे ‘शून्य’, एवढ्या दोन खुणांवर संगणकाचे सारे गणित चालते. अशी कोट्यवधी दारे एका सेकंदात अब्जावधी वेळा उघडतात व मिटतात.

वाळूतून आलेले सामर्थ्य

पहिला ट्रान्झिस्टर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी तयार केला. त्या दोघांना आणि विल्यम शॉक्ली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तो पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा होता. पुढे सिलिकॉन पुढे आले ते दोन कारणांनी. वाळूचा मुख्य घटक सिलिकॉनचे ऑक्साइड असल्याने कच्च्या मालाला तोटा नाही, हे पहिले कारण. सिलिकॉन तापविले असता त्याच्या पृष्ठभागावर त्याच ऑक्साइडचा उत्तम विद्युत्‌रोधक थर तयार होतो, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण. गेटखाली जो थर लागतो तो अशा रीतीने जणू घरचाच मिळाला.

शुद्ध सिलिकॉन विजेचा चांगला वाहक नाही आणि पूर्ण रोधकही नाही. अशा पदार्थांना मराठी विश्वकोशाने ‘अर्धसंवाहक’ असे नाव दिले आहे. या विश्वकोशाचे काम सातारा जिल्ह्यातील वाई येथून झाले, ही या दोन जिल्ह्यांच्या अभिमानाची गोष्ट होय. अर्धसंवाहकात फॉस्फरस किंवा बोरॉन यांचा अत्यल्प अंश मिसळून त्याची वाहकता हवी तशी बदलता येते. फॉस्फरसमुळे त्यात इलेक्ट्रॉनांची भर पडते, तर बोरॉनमुळे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा निर्माण होतात. या दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांची जोडी जुळवून कमी विजेवर चालणारी मंडले तयार होतात.

१९७१ साली विक्रीस आलेल्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. तेथपासून आजच्या हजार कोटींपर्यंतची मजल मुख्यतः एकाच मार्गाने गाठली गेली, तो म्हणजे ट्रान्झिस्टर लहान करीत जाण्याचा. लहान ट्रान्झिस्टर जागा कमी व्यापतो, लवकर उघडतो आणि मिटतो, व त्यास वीजही कमी लागते.

दार पुरते मिटत नाही

मात्र या लहान करण्यालाही मर्यादा आहे. येथे वापरले जाणारे माप नॅनोमीटर हे आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर भरते. आजच्या अग्रगण्य चिपमधील गेटची लांबी दहा-वीस नॅनोमीटरांच्या घरात आली आहे. ‘तीन नॅनोमीटर’ वगैरे जी नावे ऐकू येतात, ती उत्पादनाच्या पिढीची व्यापारी नावे आहेत. गेटची प्रत्यक्ष लांबी त्याहून बरीच अधिक असते.

वाट इतकी आखूड झाली की गेटचा ताबा ढिला पडतो. मातीच्या रुंद पाटावर वरून फळी दाबून धरली तर पाणी वरून थांबते, परंतु तळाच्या मातीतून पाझरत राहते. सिलिकॉनमध्येही असेच घडते. गेट वरच्या थरावर हुकूमत गाजविते. पण खोलवरच्या सिलिकॉनमधून थोडा प्रवाह सोर्सकडून ड्रेनकडे निसटतो. एका दारातील पाझर क्षुल्लक असला तरी हजार कोटी दारांचा पाझर एकत्र झाला म्हणजे यंत्र काहीही काम करीत नसतानाही वीज खर्च होते आणि चिप तापते.

यावर अभियंत्यांनी उपाय शोधले. २०११ मध्ये इंटेलने सिलिकॉनची वाट उभ्या, अरुंद भिंतीसारखी करून तिला तीन बाजूंनी गेटने कवटाळण्याची पद्धत जाहीर केली व लवकरच ती उत्पादनात आणली. २०२२ मध्ये सॅमसंगने चारही बाजूंनी गेट असलेल्या चिपचे उत्पादन सुरू केले. परंतु सिलिकॉनची वाट पाच नॅनोमीटरांहूनही पातळ करू लागले की नवी अडचण उभी राहते. तिचा पृष्ठभाग अणूंच्या पातळीवर खडबडीत असतो. रुंद पाटात काठाचा खडबडीतपणा जाणवत नाही. अगदी अरुंद पाटात मात्र पाणी काठांनाच अडखळते. त्याप्रमाणे इलेक्ट्रॉन अडखळतात आणि प्रवाह मंदावतो. पाझर थांबवावा तर प्रवाह घटतो, असा हा पेच आहे.

कार्बनची नळी

या पेचावर एक उत्तर म्हणून कार्बनकडे पाहिले जाते. पेन्सिलीतील ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले पापुद्रे होत. प्रत्येक पापुद्र्यात अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षटकोनात गुंफलेले असतात. असा एक पापुद्रा चटईप्रमाणे गुंडाळून त्याची अखंड नळी झाली आहे अशी कल्पना केली, म्हणजे कार्बनची नॅनोनलिका डोळ्यांसमोर येते. तिचा व्यास सुमारे एक ते दोन नॅनोमीटर असतो. जपानमधील शास्त्रज्ञ सुमिओ इइजिमा यांनी १९९१ मध्ये एकात एक बसलेल्या अशा अनेक नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकेरी भिंतीची नळी १९९३ मध्ये उजेडात आली.

ही नळी धातूसारखी वागणार की अर्धसंवाहकासारखी, हे चटई कोणत्या कोनात गुंडाळली गेली यावर ठरते. चटई सरळ गुंडाळता येते, तशी तिरकीही गुंडाळता येते. कोन आणि व्यास यांच्या सर्व शक्यता विचारात घेतल्या तर ढोबळमानाने तीनपैकी एक नळी धातूप्रमाणे सदैव वाहती राहते आणि दोन अर्धसंवाहक निघतात. ट्रान्झिस्टरला अर्धसंवाहक नळीच उपयोगी पडते. पुढील साऱ्या अडचणींचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

१९९८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात सेस डेकर यांच्या गटाने एकाच नळीचा ट्रान्झिस्टर तयार करून तो सामान्य तापमानास चालवून दाखविला. त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमच्या संशोधकांनीही असा ट्रान्झिस्टर सिद्ध केला.

दोहोंची तुलना

दोन्ही ट्रान्झिस्टरांची मूळ रीत एकच आहे. सोर्स, ड्रेन आणि गेट दोहोंतही असतात व गेटच्या दाबानेच प्रवाह चालू-बंद होतो. फरक आहे तो वाटेच्या प्रकारात. सिलिकॉनची वाट मातीत खोदलेल्या पाटासारखी आहे; नॅनोनलिका घट्ट बसविलेल्या नळासारखी आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रात उघड्या चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिकांतून पाणी देण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक सहज ध्यानात येईल.

पहिला फरक ताब्याचा. नळीची जाडीच एक-दोन नॅनोमीटर असल्याने गेटच्या प्रभावापासून दूर असा खोल भाग तिच्यात नसतोच. त्यामुळे अगदी आखूड वाटेतही दार चांगले मिटते. २०१२ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी केवळ नऊ नॅनोमीटर लांबीच्या वाटेचा नॅनोनलिका-ट्रान्झिस्टर उत्तम रीतीने चालतो असे दाखवून दिले.

दुसरा फरक प्रवाहाच्या सुलभतेचा. नळीतील प्रत्येक कार्बन अणू शेजारच्या तीन अणूंशी बांधलेला असतो आणि तिच्या पृष्ठभागावर कोणताही बंध तुटका राहत नाही. त्यामुळे खडबडीतपणाचा प्रश्न उद्भवत नाही. चांगल्या नळीत इलेक्ट्रॉन शेकडो नॅनोमीटर अंतर जवळजवळ न अडखळता जातो. ट्रान्झिस्टरची वाट त्याहून आखूड असल्याने बहुतेक इलेक्ट्रॉन एका दमात पैलतीर गाठतात.

तिसरा फरक विजेच्या खर्चाचा. चिपमध्ये दारे उघडण्या-मिटण्यासाठी लागणारी वीज ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब निम्मा केला तर हा खर्च एक चतुर्थांशावर येतो. नळीतून प्रवाह सहज जात असल्याने कमी दाबावर तेवढेच काम होऊ शकेल, अशी अपेक्षा आहे. मात्र सामान्य तापमानास प्रवाह दहापट बदलण्यासाठी गेटला निदान सुमारे साठ मिलिव्होल्ट दाब बदलावा लागतो. ही मर्यादा निसर्गनियमाने आली आहे आणि ती सिलिकॉनइतकीच या नळीच्या साध्या ट्रान्झिस्टरलाही लागू आहे.

चौथा फरक दोन प्रकारांची जोडी जुळविण्याच्या रीतीचा. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस वा बोरॉन मिसळून प्रकार ठरविला जातो. नळीच्या भिंतीत मात्र परका अणू घुसवला तर तिची सुरेख वीण बिघडते. म्हणून टोकांना कोणता धातू जोडावा आणि वरून कोणते आवरण घालावे, यावरून तिचा प्रकार ठरविला जातो. या कामी पॅलॅडियम धातूचा चांगला उपयोग होतो, असे २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात दिसून आले.

निवडणे आणि मांडणे

इतके गुण असताना नॅनोनलिकेची चिप बाजारात का नाही? याचे उत्तर नळीच्या गुणांत नसून तिच्या संख्येत आहे. एक नळी हाती घेऊन तिचा उत्तम ट्रान्झिस्टर करणे जमले आहे. एकसारख्या कोट्यवधी नळ्या एकाच दिशेने, योग्य अंतरावर मांडणे हे काम अद्याप अवघड आहे.

सदैव वाहणारी धातुसदृश नळी म्हणजे कधीच न मिटणारे दार. गावच्या नळयोजनेत एक तोटी कायम उघडी राहिली तर टोकाच्या वस्तीला पाणी पोहोचत नाही. चिपमध्येही तशी एखादी नळी सारे मंडल निकामी करू शकते. नळ्या तयार होतानाच तीनपैकी एक अशी निघत असल्याने त्या वेचून काढणे भाग पडते. त्यासाठी नळ्या द्रावणात पसरून विशिष्ट रसायनांच्या साहाय्याने निवडल्या जातात. मोठ्या चिपसाठी शुद्धता ९९.९९९९९९ टक्के हवी असा हिशेब मांडला गेला होता. तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीच्या भाषेत सांगावयाचे, तर दहा कोटी दाण्यांत एकापेक्षा अधिक खडा चालणार नाही.

दुसरी अडचण मांडणीची. द्रावणातून चकतीवर पसरलेल्या नळ्या विस्कटलेल्या पेंढ्याप्रमाणे वेड्यावाकड्या पडतात. पुरेशा प्रवाहासाठी त्या एका मायक्रोमीटरच्या रुंदीत शंभर ते दोनशे, एकमेकींना समांतर बसावयास हव्यात. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये या घनतेच्या समांतर नळ्या चकतीवर बसवून दाखविल्या. नळीच्या टोकाला धातूचा जोड देताना होणारा विरोध कमी करणे, ही तिसरी अडचण होय.

कोठवर मजल?

२०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात १७८ ट्रान्झिस्टरांचा नॅनोनलिकांचा पहिला संगणक तयार झाला. तो अगदी साधी कामे करीत असे. २०१९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मॅक्स शुलाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ हजारांहून अधिक नॅनोनलिका-ट्रान्झिस्टरांचा सोळा बिटांचा प्रक्रियक सिद्ध केला. त्यांनी केलेली एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. अशुद्ध नळीचा ज्या जोडणीवर अधिक दुष्परिणाम होतो, ती जोडणी त्यांनी आराखड्यातच टाळली. परिणामी ९९.९९ टक्के शुद्धतेवर काम भागले, आणि एवढी शुद्धता मिळविणे आज शक्य आहे. पदार्थातील उणीव आराखड्याने भरून काढण्याचा हा उत्तम नमुना होय. २०२० मध्ये याच गटाने सिलिकॉनच्या व्यापारी कारखान्यांत, तेथील यंत्रसामग्रीवरच, नॅनोनलिकांचे ट्रान्झिस्टर घडवून दाखविले. २०२४ मध्ये पेकिंग विद्यापीठाने ३,००० ट्रान्झिस्टरांची, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी उपयुक्त अशी चिप सादर केली.

चौदा हजार आणि हजार कोटी यांतील अंतर पाहिले म्हणजे सिलिकॉन इतक्यात निवृत्त होणार नाही, हे उघड होते. नजीकच्या काळात सिलिकॉनच्या थरावर नॅनोनलिकांचा थर चढवून दोन्हींचा मेळ घालण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य मानला जातो. सिलिकॉनच्या चिपनिर्मितीत सुमारे हजार अंशांपर्यंत तापमान लागते. नॅनोनलिकांचे थर त्याहून पुष्कळ कमी तापमानास बसविता येत असल्याने खालचे थर बिघडत नाहीत.

आपल्याशी नाते

हा विषय दूरदेशीच्या प्रयोगशाळांपुरता मर्यादित आहे, असे मानण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील विदा केंद्रांनी, म्हणजे संगणकांच्या प्रचंड कोठारांनी, सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगातील एकूण वीजवापराच्या हा दीड टक्का होतो. भारतातील अशा केंद्रांचा मोठा वाटा मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे. पंपाला वीज रात्री मिळते म्हणून रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला एका युनिटचे मोल सांगावयास नको. चिपमधील पाझर हा असा अखेर विजेच्या हिशेबाचा प्रश्न ठरतो.

संशोधनातही महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाने देवघरातील कापरापासून कार्बनच्या नॅनोनलिका तयार केल्या. वाई येथे शालेय शिक्षण घेतलेल्या प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी पुणे विद्यापीठात नॅनो पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन केले. या विषयावरील त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात त्या शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते. सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांतून इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते बाहेर पडत आहेत. केंद्र शासनाने २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांचा अर्धसंवाहक कार्यक्रम मंजूर केल्यापासून या विषयातील कुशल मनुष्यबळाची गरज वाढली आहे.

पंचायत सदस्यांनी एक सावधगिरी मात्र बाळगावयास हवी. नॅनोनलिकांचे ट्रान्झिस्टर गणन करणाऱ्या चिपसाठी विकसित होत आहेत. सौर कृषिपंपाची पट्टी, पंपाचा स्टार्टर किंवा रस्त्यावरील दिवा यांत ते आज नसतात. सौर पट्टी बहुतांशी सिलिकॉनचीच असते. पिकावर फवारण्याच्या नॅनो युरियाचाही या नलिकांशी संबंध नाही. ‘कार्बन नॅनो चिप’ असे सांगून अधिक किंमत मागणाऱ्या विक्रेत्याकडून तिचे तांत्रिक विवरण लेखी घ्यावे आणि ते जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील जाणकारांना दाखवावे. अनेक वेळा एवढ्यानेच शंकेचे निरसन होईल.

शिक्षकांना हा विषय वर्गात मांडण्यासाठी महाग साहित्याची आवश्यकता नाही. कागदावर षटकोनांची जाळी काढून तो कागद एकदा सरळ व एकदा तिरका गुंडाळावा. गुंडाळण्याच्या कोनाने नळीच्या अंगावरील षटकोनांची रांग कशी बदलते, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसेल. एवढ्याशा फरकाने एक नळी दार बनते आणि दुसरी कायमची उघडी राहते, हे त्यांना समजले म्हणजे विषयाचे मर्म हाती आले. नळीचे गुण जगाला ठाऊक झाले आहेत. तिला निवडण्याचे आणि मांडण्याचे काम शिल्लक आहे. त्या कामात कृष्णाकाठच्या शाळांतून शिकलेल्या मुलामुलींनाही वाटा उचलता येईल.